चुलीचे नऊ दगड

मंजुळाअक्का शिरपूरहून माहेरी आली की घरातली कामं दुप्पट होतात आणि करणारी माणसं निम्मी, असं हिलाल म्हणायचा. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची जी थोडी वाक्यं प्रमिलाबाईला मनापासून पटली होती, त्यांत हे पहिलं. आजही आपली ही थोरली नणंद एस.टी.तून उतरून अंगणात आली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, आणि तांब्या खाली ठेवायच्या आत तिने विचारलं,

"चूल कसानी मांडी?"

"इटा आनी ठेव्यात, अक्का," प्रमिलाबाई म्हणाली.

"इटा?" प्रमिलाबाईने चुलीखाली उंदीर मांडून ठेवलेत, अशा सुरात अक्का म्हणाली. "खंडोबाना निवद इटास्वर? आबा, आयकं का?"

उखर्डू आबांनी ऐकलं होतं. आपल्या खोलीच्या दारात बाज टाकून ते सकाळपासून बसले होते ते ऐकण्यासाठीच. आज वांगेसट, म्हणजे चंपाषष्ठी. चार महिने या घरात वांगं शिजत नाही. आजच्या दिवशी पहिल्या वांग्यांचं भरीत खंडोबाला दाखवायचं, तळी उचलायची आणि मग सगळ्या भावकीने वरण-बट्टीवर ताव मारायचा. ऐंशी पानं उठणार होती.

"आपला घरमा वांगेसटनी चूल त्याच नऊ दगडस्नी मांडतस," आबा म्हणाले. "मंजुळानी माय मांडे, तिन्ही सासू मांडे. हिलाल, सांगी दे तुन्ही बायकोले."

त्यांची सून त्यांच्यापासून पाच हातांवर उभी होती. नाकापर्यंत पदर, नजर जमिनीला. हिलाल वळला आणि इमानेइतबारे म्हणाला, "आबा म्हनतस, त्याच नऊ दगडस्नी..."

"आयकं मी," प्रमिलाबाई म्हणाली.

या घरात सासऱ्याने सुनेशी थेट बोलायचं नाही आणि सुनेने सासऱ्याशी, ही रीत होती. जो कोणी मध्ये सापडेल त्याच्या तोंडून बोलायचं. बहुधा हिलाल सापडायचा. बिचाऱ्याचं अर्धं आयुष्य दोघांनीही आधीच ऐकलेली वाक्यं पोचवण्यात गेलं होतं. कधी कोणीच नसलं तर आबा खुंट्यावरच्या बैलाला सांगायचे, आणि तेही प्रमिलाबाईला नीट कळायचं.

आज पंचाईत वेगळीच होती. ते नऊ दगड घराच्या छपरावर होते.

यंदाच्या, म्हणजे एकोणनव्वदच्या आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, मधल्या घरावरचं मातीचं धाबं काढून पत्रे टाकले, तेव्हा घरात काय काय झालं ते सालखेड्यात सर्वांना ठाऊक होतं. पत्र्यांचा हट्ट प्रमिलाबाईचा. तिने आयुष्यात दुसरा हट्ट केला नव्हता. सोनं मागितलं नव्हतं, माहेरी जास्तीचे चार दिवस मागितले नव्हते. तिला फक्त न गळणारं छप्पर हवं होतं. लग्न होऊन आली त्या पावसाळ्यापासून मातीच्या त्या सपाट छपरावर चढून, खारी माती टाकून, पायांनी तुडवून भेगा बुजवायचं काम तिचं होतं. पाऊस पडत असताना, कडेवर पोर घेऊन, निसरड्या शिडीवरून ती चढली होती. खाली घरात गळतीखाली तपेली, पातेली, परात, शेवटी पोरांच्या शाळेचे डबेसुद्धा मांडले होते. पहिलं बाळ बारा दिवसांचं असताना ओल्या मातीचं ढेकूळ पाळण्याच्या काठावर पडलं, तेव्हाच तिने मनाशी ठरवलं होतं की एक दिवस हे धाबं जाणार. त्याला एकवीस वर्षं लागली.

आबा म्हणाले होते, पत्रा म्हणजे डबा, आणि डब्यात माणसं राहत नसतात. धाकटा मुलगा अभिमन धुळ्याला, देवपुरात मास्तर. त्याने आखाजीला येऊन वहिनीची बाजू घेतली. मंजुळाअक्काने आबांची घेतली. हिलालने दोन्ही घेतल्या. शेवटी सगळ्या भावकीसमोर आबांनी निकाल दिला होता: मधल्या घरावर टाका पत्रे. एक वर्ष बघू. वर्षभर जागेवर राहिले तर माझ्या खोलीवरही टाका. पण एकदा जरी उडाले, तर दोन्हीकडे परत धाबं, आणि पुन्हा या घरात पत्र्याचं नाव काढायचं नाही.

पावसाळा तर पत्र्यांनी काढला. गिरधर मिस्तरी अर्धेच हुक ठोकून "राहिलेले पोळ्यानंतर" असं सांगून गेला तो अजून पोळ्यातच होता. पण नऊ काळे, जाड दगड वर ठेवले होते आणि पत्रे हलले नव्हते. हे दगड सासूबाईंच्या चुलीचे. जुनं स्वयंपाकघर मोडलं तेव्हा प्रमिलाबाईनेच ते वर ठेवायला लावले होते.

आता तेच उतरवायचे म्हणजे पत्रे वाऱ्याच्या हवाली करायचे. पण वांगेसटच्या दिवशी, देवाच्या कामात, नणंद आणि सासरा दोघं एका बाजूला असताना सून काय बोलणार?

"संध्याकाळले परत चढाडजात," ती हिलालला हळूच म्हणाली.

"आते हिवाळामा कसानी वारा-वावधन?" हिलाल म्हणाला आणि शिडी लावली.

दहा वाजेपर्यंत अंगणात तीन चुली मांडून झाल्या. प्रमिलाबाईने वर पाहिलं. मोकळे पत्रे उन्हात चकाकत होते.

*

अभिमन आणि त्याची बायको बेबाबाई रात्रीच्या मुक्कामालाच आले होते. देवपुरात त्यांचं स्लॅबचं घर होतं, आणि बेबाबाई ते सोबत घेऊन आल्यासारखीच वागायची. बट्ट्यांचं पीठ मळतानासुद्धा तिला आपली गच्ची आठवत होती.

"ताई, तुम्ही एकदा स्लॅबच टाका बाई. वर पापड वाळवा, झोपा, काय वाटेल ते करा."

"आबास्ले सांगा ना तुम्ही," प्रमिलाबाई म्हणाली. "तुमनं आयकतस ते."

"माझं कुठे ऐकतात? मी तर समोर गेले की बाजेवरून उठून गोठ्यात जातात."

दोघी हसल्या. पाच वर्षांपूर्वी या दोघींमध्ये एका पितळी हंड्यावरून जो अबोला झाला होता, त्यातलं आता थोडंच उरलं होतं, आणि ते फक्त सणावारी वर यायचं.

अभिमन ट्रान्झिस्टर कानाला लावून अंगणात फिरत होता. "उत्तर महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस आणि गारपीट होण्याची शक्यता आहे," त्याने जाहीर केलं.

"तुरळक म्हंजे कोठे?" आबांनी विचारलं.

"म्हणजे काही काही गावांत, आबा."

"मंग दुसरास्ना गावमा," आबा म्हणाले आणि पाय लांब केले.

एक वाजता भावकी जमली. पुरुष निंबाखाली बसले, बायका चुलींशी. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून काळी झाली होती आणि तो वास निम्म्या गल्लीत गेला होता. अक्का एका हाताने मिरच्या-लसणाचं वाटण बघत होती आणि दुसऱ्या हाताने हुकूम सोडत होती. पहिल्या चुलीवर वरण उकळत होतं, दुसरीवर भात, तिसरीवर बट्ट्या तळायचं तेल तापत होतं. प्रमिलाबाई आपलं काम करत होती, पण दर थोड्या वेळाने तिची नजर पश्चिमेला, डोंगराकडे जात होती. तिथे सकाळी काही नव्हतं. आता शाईची दौत सांडल्यासारखं काळं पडलं होतं.

मग वारा आला. आधी पत्रावळी उडाल्या आणि सगळे हसले. मग निंबाखालच्या मंडळींच्या टोप्या उडाल्या आणि बायका जास्त हसल्या. मग वायव्येच्या कोपऱ्यातला पत्रा हातभर वर उचलला गेला, 'धाडदिशी' खाली आपटला, आणि हसणं थांबलं.

त्या पत्र्याखाली मधल्या घरात मधोमध कमरेएवढा कापसाचा ढीग घातलेला होता. सगळ्या वर्षाचा कापूस. पण खरं सांगायचं तर प्रमिलाबाईला त्या क्षणी कापूस आठवला नाही. तिला ओल्या मातीचा वास आठवला, आणि शिडी आठवली. पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा त्या शिडीवर चढायचं.

"दगड!" ती ओरडली. "चूल मोडा, दगड वर चढाडा!"

"निवद दाखाडाना आगोदर चूल मोडशी?" अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "खंडोबानी चूल?"

"अक्का, पत्रा उडी जाई!"

"देवले समजस बठ्ठं."

बेबाबाईने झारा कढईत ठेवला. "देवाचं राहू द्या अक्का, पण दगड तापून लाल झालेत. तेल उकळतंय. कोण हात लावणार त्यांना?"

तेही खरं होतं. अभिमन म्हणाला, दुसरे दगड आणू. हिलालने गोठ्याजवळचा एक दगड उचलला, खांद्यावर घेतला आणि शिडीवर चढला. त्याने तो पत्र्यावर ठेवला न ठेवला तोच पत्र्याने अशी उसळी मारली की दगड घरंगळत खाली गेला आणि बैलांच्या गव्हाणीत पडला. बैलांनी अंग चोरलं. हिलाल शिडीच्या टोकाशी पत्र्याची कड दोन्ही हातांनी दाबून धरून लोंबकळल्यासारखा उभा राहिला. "वर जावायनार नही!" तो ओरडला. "कोनी यी नका!"

दारातल्या बाजेवरून आबा म्हणाले, "मी सांगं व्हतं."

असली तीन शब्दांची वाक्यंच माणसाच्या तळपायाची आग मस्तकात नेतात. प्रमिलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. तिने दुसरीकडे तोंड फिरवलं, आणि तिला समोर गाडी दिसली.

अंगणाच्या कडेला कापसाची गाडी भरून उभी होती, उद्या पहाटे साक्रीला न्यायची. माणसाच्या दीडपट उंच कापूस. तोच वारा तिच्यावरही झडप घालत होता, पण गाडीवरचा एका बोंडाएवढाही कापूस हलत नव्हता. ती आबांनी बांधलेली होती. पंचाहत्तरी झाली तरी कापसाची गाडी आबा दुसऱ्या कोणाला बांधू द्यायचे नाहीत. जाड नाडा वरून टाकायचा, खाली अडकवायचा, मग नाड्यात दांडकं घालून पिळत न्यायचं आणि शेवटी ती गाठ मारायची, जी हिलालला वीस वर्षांत शिकता आली नव्हती.

ती दोन पावलं पुढे आली. हिलाल शिडीवर अडकलेला. मग अभिमन.

"भाऊ, आबास्ले इचारा. गाडीनामायक घर बांधता यी का?"

अभिमन मास्तर होता. "आबा," त्याने सुरुवात केली, "वहिनींचं म्हणणं असं आहे की ज्याप्रमाणे आपण कापसाची गाडी..."

"आयकं मी. बहिरा नही."

आबांनी गाडीकडे पाहिलं. मग छपराकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रमिलाबाईला वाटलं, आता नाही म्हणणार. पत्रे उडाले तर त्यांचंच म्हणणं खरं होणार होतं. त्यांना फक्त बाजेवर बसून राहायचं होतं.

"कोन बांधी?" आबांनी विचारलं. "ती गाठ येस का कोनले?"

"कोनलेच येत नही," प्रमिलाबाई अभिमनकडे बघून म्हणाली. "आबासशिवाय."

अभिमनने तोंड उघडलं, पण आबा तोवर उठले होते. त्यांनी धोतराचा काचा मारला आणि गोठ्यात टांगलेल्या जादा नाड्यांकडे बोट दाखवलं. "नाडा लई या," ते म्हणाले. "तिन्ही."

*

नाडा छपरावरून पलीकडे टाकायचा कसा, हा पुढचा प्रश्न. टोकाला बारीक दोरी बांधून अभिमन तिला दगड बांधायला निघाला.

"दगड बांधशी ते पत्रा फुटी, मास्तर!" आबांनी त्याच्या हातातून दोरी ओढून घेतली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, भरताच्या उरलेल्या कच्च्या वांग्यांची पाटी उचलून जवळ घेतली, आणि नारळाएवढं एक हिरवं वांगं निवडून त्याच्या देठाला दोरीचा फास घातला. "फेक."

पहिलं वांगं आढ्याला आपटून परत आलं आणि बेबाबाईच्या पायाशी फुटलं.

"अहो, वर्गात खडू मारता तसं मारू नका!" बेबाबाई ओरडली. सगळी भावकी हसली. वारा पत्रे आपटत होता, आभाळ खाली आलं होतं, आणि लोक पोट धरून हसत होते. दुसरं वांगं आढ्यावरून पलीकडे गेलं.

प्रमिलाबाई आधीच घराला वळसा घालून मागच्या अंगणात पळाली होती. तिच्यामागे अक्काही आली, कारण आपल्याशिवाय कोणी काम करतंय हे तिला बघवत नसे. वांगं धप्पकन उकिरड्यात पडलं. दोघींनी दोरी ओढली, दोरीमागून नाडा आला. तो दोघींनी मागच्या अंगणातल्या दुसऱ्या निंबाच्या बुंध्याला तीन वेढे देऊन करकचून बांधला. अक्काने जोर लावला तेव्हा तिचा चेहरा लाल झाला आणि तोंडातून शब्द फुटेना. अक्काला शब्द फुटत नाही हे प्रमिलाबाई आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती.

घराच्या पलीकडून आबांचा आवाज आला. "बांधं का रे? वढू का?"

उत्तर द्यायला कोणी मोकळं नव्हतं. हिलाल कडेच्या शिडीवर पत्रा दाबून होता. तो काहीतरी ओरडला पण वाऱ्याने ते भलतीकडेच नेलं. अभिमन आबांच्या बाजूला. अक्का निंबाला टेकून धापा टाकत होती, तिने प्रमिलाबाईकडे बघून नुसता हात हलवला, तू सांग.

"आरे कोनी बोला! वढू का नको?"

मागच्या अंगणात आता बैलही नव्हता. प्रमिलाबाईचा पदर केव्हाच डोक्यावरून गेला होता. तिने छातीत भरेल तेवढा वारा घेतला.

"बांधं, आबा!" ती ओरडली. "वढा!"

नाडा सैलच लोंबत होता. प्रमिलाबाईला वाटलं, झालं, बावीस वर्षांची रीत गेली आणि पत्रेही गेले. मग नाडा थरथरला. आढ्यावर तो घासत सरकला, ताठ झाला, आणि पत्रा दाबला जाऊन कुरकुरला. पलीकडे दांडकं पिळलं जात होतं.

"आते?" आबांचा आवाज आला.

"जराशी सैल सोडा, आबा! उजवा हातले घ्या! हां! आते वढा!"

अक्का तिच्याकडे बघत राहिली. मग अक्काला श्वास परत मिळाला, आणि ती काय म्हणाली? "मोठ्ठाला वरड ना माय, म्हतारा बहिरा शे," एवढंच म्हणाली, आणि दुसरा नाडा धरायला वाकली.

दुसरा नाडा गोठ्याच्या दगडी खुंट्याला बांधला. तिसरा पुन्हा निंबाला. प्रत्येक वेळी इकडून सून ओरडली आणि तिकडून सासरा ओरडला, आणि मध्ये कोणीच नव्हतं. तिसरी गाठ बसली तेव्हा पहिली गार पत्र्यावर पडली.

*

गारा हरभऱ्याएवढ्या होत्या, पण पत्र्यावर त्यांचा असा दणका होता की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. ऐंशी माणसं मधल्या घरात कापसाच्या कडेकडेने दाटीवाटीने उभी. बट्ट्यांची परात, भाताचं पातेलं, वरणाचा गंज असं सगळं चौघांनी उचलून आत आणलं होतं, आणि कापसाच्या गाडीवर ताडपत्री टाकली होती. बाहेर चुलीवर पाणी पडून वाफेचा लोट उठला, पण त्याआधी अक्काने नैवेद्य दाखवला होता. पावसात, डोक्यावर घमेलं धरून. तळी उचलली तेव्हा "येळकोट येळकोट" कोणी म्हटलं ते कोणालाच ऐकू आलं नाही. सगळ्यांनी आपापल्या अंदाजाने "जय मल्हार" म्हटलं आणि भंडारा उधळला. निम्मा कापसावर पडला.

प्रमिलाबाई वर बघत उभी होती. पत्रे थरथरत होते. नाड्यांच्या जागी दबून पुन्हा बसत होते. एका भोकातून धार लागली, तिच्याखाली बेबाबाईने न सांगता तपेलं सरकवलं.

आबा मात्र आपल्या खोलीत गेले होते. डब्यात बसणार नाही म्हणजे नाही. हिलालने ताट नेऊन दिलं.

थोड्या वेळाने मधल्या दारात ते दिसले. डोक्यावर गोधडी, हातात ताट, खांद्यावर धाब्याच्या मातीचा ओघळ. लोकांनी सरकून वाट दिली. अभिमनला हसू येत होतं, त्याने ते बट्टीने दाबलं. आबा कापसाच्या ढिगावर चढून मांडी घालून बसले, ताट मांडीवर घेतलं आणि जेवू लागले.

"या भरीतमा माती लागस," ते जरा वेळाने म्हणाले.

"फेकलेलं वांगं आहे, आबा," अभिमन म्हणाला. "बेबाने धुऊन भाजलं. वाया कशाला घालवायचं?"

आबांनी आणखी एक घास घेतला. "चांगलं शे," ते म्हणाले.

*

चार वाजता ऊन पडलं, नुसतं धुतल्यासारखं. अंगणातल्या गारा पोरांनी खाऊन संपवल्या. भावकी पान खाऊन, छपराकडे एकेकदा बघून, घरोघर गेली. एक पत्रा वाकला होता, दोन हुक निघाले होते. बाकी सगळं जागेवर होतं.

हिलाल गार झालेले दगड शिडीशी आणून ठेवू लागला.

"ते खालेच ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "त्या चुलीना शेतस. गिरधरले सांग, उद्याच्या उद्या हुक ठोक. नही उना ते त्याले गाडीले बांधी आन."

मग ते पहिला नाडा सोडू लागले. ओला झाल्याने गाठ घट्ट बसली होती. ते ती शांतपणे सोडवत राहिले. नाडा मोकळा झाल्यावर त्यांनी तो हातावर गुंडाळला आणि आपल्या खोलीत गेले. प्रमिलाबाई दाराजवळ परात घासत होती. आत बाज भिजली होती, भिंतीवरून मातीचे ओघळ आले होते, आणि आबा मधोमध उभे राहून वर बघत होते.

"ती बी म्हने," ते म्हणाले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. "मंजुळानी माय. चाळीस वरीस म्हने, हाई माती नको, दुसरं काही टाका. ती बी चढे वर, पोटुशी व्हती तवय बी. मी आयकं नही तिन्हं."

प्रमिलाबाईचा हात परातीवर थांबला. सवयीने तिने आजूबाजूला पाहिलं, हे कोणाला सांगताहेत ते बघायला. हिलाल शिडी आवरत होता. अक्का निजली होती. बैलसुद्धा गोठ्यात होता.

आबा भिंतीशी गेले. नाड्याचं एक टोक त्यांनी कोपऱ्यात पायाखाली दाबून धरलं आणि दुसरं टोक दाराकडे फेकलं.

"परमिला," ते म्हणाले. बावीस वर्षांत तिचं नाव त्यांच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकलं. "धर. त्या भीतलगुन ने. मिस्तरीले माप देनं पडी."

तिने परात खाली ठेवली, ओले हात पुसले, नाडा उचलला. खोलीच्या दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली, टोक ताणलं, आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात टाकत टाकत, मनात मोजत, परत सासऱ्याच्या पायापर्यंत आली.

"कितलं भरनं?" आबांनी विचारलं.

दारातून हिलाल आत डोकावला होता. आबांचं वाक्य बायकोला पोचवायला त्याने तोंड उघडलं.

"बारा हात, आबा," प्रमिलाबाई म्हणाली.